जुन्या मशीनमधली नावं

१३ ऑक्टो. २००३, सोमवार

दवाखान्यात नवीन कॉम्प्युटर आला. नवीन म्हणजे नागपूरच्या कुणा देणगीदाराने वापरून सोडलेला. बिसेनबाबूंनी नारळ फोडला, हार घातला. ट्रस्टचे व्यवस्थापक, त्यांना अशा गोष्टींची हौस. मग म्हणाले, आता तो जुना डबा भंगारात काढू, दिवाळीनंतर भंगारवाला येतो.

मी म्हटलं, त्यात सगळ्या गावांच्या सिकलसेलच्या तपासण्या आहेत. इथले आधीचे डॉक्टर, डॉ. सर, त्यांनी गावोगाव, शाळाशाळांतून फिरून घेतलेल्या. कोण चांगलं, कोण अर्धं, कोण पूर्ण, सगळं. तर म्हणाले, मग टाका नव्यामध्ये.

फ्लॉपीचा ड्राइव्ह केव्हाचा मेला आहे. बदलून पाहिला, तरी नाही. हे त्यांना आधीही सांगितलं होतं. आज पुन्हा सांगितलं नाही. थकले.

१६ ऑक्टो.

शकुनबाई आली, वैशालीची आई. पोरीला सौंदडकडचं स्थळ आहे. मुलगा नितेश, राइस मिलमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली. चांगला आहे म्हणे, दारू नाही. पण सिकलचा अर्धा, म्हणजे त्याला स्वतःला त्रास नाही, रक्तात आहे. त्याच्या घरच्यांनी कार्ड लपवलं नाही, आणून दाखवलं. वैशालीचं रक्त डॉ. सरांनी शाळेत असताना घेतलं होतं. तिचं कार्ड घर गळलं त्या साली सडलं.

"मशीनमंदी पाहून द्या ना बाई. धान निंगाले का साक्षगंध हाय."

मशीन लावली. आतून खरवडल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, डिस्क सापडत नाही. दोनदा बंद-चालू केलं, नाही.

म्हटलं, पुन्हा रक्त घेऊ, नागपूरला पाठवते. इथली रक्त तपासायची मोठी मशीन सर पुण्याला गेल्यापासून बंदच आहे. शकुनबाई नको म्हणाली. पुन्हा सुई टोचली की गावात बोलणं होते, पोरीले काही हाय का म्हणून. दिवाळीनंतर येते म्हणून गेली.

तिचंच नाही. सगळ्यांना पुन्हा सुई टोचायची म्हटलं तर अर्धी गावं दार उघडणार नाहीत.

१८ ऑक्टो.

सकाळच्या गारव्यात मशीन आपोआप सुरू झाली. गरम झाली की पुन्हा बंद. किती दिवस चालेल, सांगता येत नाही.

प्र.ला विचारावं लागणार. चौकात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, त्याच्याशिवाय इथे कोण आहे? एका घरात राहून नवऱ्याला काही विचारायचं तर मनाची एवढी तयारी करावी लागते. भाजी काय आणू, गॅस संपला, पोरीने, स्नेहाने, गोळी घेतली का. यापलीकडे आमचं बोलणं होऊन किती काळ झाला.

१९ ऑक्टो., रवि.

विचारलं. तो लगेच आला, हे लिहून ठेवते.

दोन्ही मशीनच्या मागे बसून बराच वेळ टॉर्च मारून पाहिलं. म्हणाला, दोघींना एकच वायर लावू. माउस लागतो त्या जागेतून एक मशीन बोलते, एक ऐकते. हिचं बोलणं तिच्या कानात आणि तिचं बोलणं हिच्या कानात गेलं पाहिजे, म्हणून दोन तारा उलट्या लावायच्या, तिसरी सरळ. जुन्या डॉसमध्ये अशी नक्कल करायचा प्रोग्राम असतो. नव्या मशीनच्या सीडीतही तो सापडला.

"बस एवढंच?" मी.

"एवढंच. जुळलं पाहिजे फक्त."

जुन्या मशीनची माउसची जागा बाद आहे. दुसरी एक मोठी आहे, जास्त पिनांची, तीच वापरावी लागेल. त्या कनेक्टरसाठी गोंदियाला जावं लागेल. मी जाते म्हटलं, ट्रस्टची औषधंही आणायची आहेत.

२२ ऑक्टो.

गोंदिया. गाडीत उभं राहून. बाजारात दिवाळीची गर्दी, कंदील, फटाके. कॉम्प्युटरवाल्या तीन दुकानांत नाही म्हणाले. चौथ्याने वरच्या फळीवरून खोका काढला, फुंकर मारली, "अब कौन लेता है ये, मॅडम." छोटं दिलं, मोठं दिलं. वायर त्याच्याकडे नव्हती. प्र. म्हणतो, जुन्या माउसची चालेल.

येताना स्नेहासाठी स्वेटर घेतला. तिला थंडी सोसत नाही. बारा वर्षांची झाली तरी नऊची दिसते, म्हणून मापाला दुकानदाराशी वाद. त्याला काय सांगणार.

२८ ऑक्टो.

दिवाळी झाली. आज प्र.ने दवाखान्यातच डाग दिले. एवढ्या बारीक पिना, त्यात त्याचा चष्मा जुना. मी टॉर्च धरला. सोल्डरच्या धुराने दोघांच्या डोळ्यांतून पाणी. कितीतरी वर्षांनी एवढं जवळ बसलो असू.

नव्या मशीनवर मी, जुन्यावर तो. प्रोग्राम लावला. नवी मशीन वाट पाहत राहिली, जुनी वाट पाहत राहिली. काही नाही. वायर मीटरवर तपासली, पक्की. पुन्हा लावली. काही नाही. मग लाइट गेली.

प्र. चिडून म्हणाला, हे असंच होणार होतं. मी म्हटलं, तुमचं नेहमीचंच आहे, पहिल्या वेळी नाही झालं की सोडून द्यायचं. बोलायला नको होतं. तो पकड पिशवीत टाकून गेला. वायर टेबलावरच.

मला कळतं तो कशावर चिडतो. वायरवर नाही.

२९ ऑक्टो.

इथेच लिहून टाकते, कुठेतरी लिहायला पाहिजे.

स्नेहा दीड वर्षाची होती तेव्हा तिचे हातपाय सुजायचे. डॉ. सर नवीनच आले होते गावात. त्यांनी तिघांचं रक्त घेतलं. मी अर्धी, प्र. अर्धा, पोरगी पूर्ण. तोपर्यंत हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. सरांनी समजावलं, दोघं अर्धे असले की प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता, ते पूर्ण निघण्याची. कुणाचाच दोष नाही. प्र. ऐकत होता. घरी आल्यावर त्याने रेडिओ उघडून पसरला आणि जेवायलाही उठला नाही. त्यानंतर आम्ही दुसऱ्या मुलाचं नाव काढलं नाही. कुणी ठरवलं नाही, नुसतं नाव काढलं नाही.

सासू असेपर्यंत म्हणायची, तुमच्याकडूनच आलं. तिला सांगून पाहिलं होतं की निम्मं तुमच्याकडचंही आहे. सरांनीच मग मला दवाखान्यात कामाला लावलं, रक्त तपासायला शिकवलं. त्या मशीनमधली बरीचशी नावं माझ्याच बोटांनी गेली आहेत.

१ नोव्हें.

स्नेहाचं दुखणं उठलं. सकाळपासून पिंडऱ्या, मग मांड्या, मग कंबर. पाणी पाजलं, शेकलं, गोळी दिली. दुपारी ओठ चावायला लागली तेव्हा प्र.ने उचलून जीपमध्ये घातली. तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन.

ती रडत नाही आताशा. भिंतीकडे पाहते. ते मला रडण्याहून जड जातं.

३ नोव्हें.

अजून इथेच. दुखणं उतरतंय. बिसेनबाबू आले, संत्री घेऊन. मला वाटलं भंगाराचं काढतील. काही बोलले नाहीत, स्नेहाच्या उशाशी बसले, शाळेचं विचारलं. जाताना बाहेर म्हणाले, "तुम्हारा काम होने दो मॅडम, भंगारवाले को मैं देखता हूँ." चिडून होते मी या माणसावर.

प्र. तीन दिवस दुकान बंद ठेवून इथे. आज स्नेहाला झोप लागल्यावर वऱ्हांड्यात चहा आणला दोघांना. एकदम म्हणाला, "मोठ्या कनेक्टरात बोलायची नि ऐकायची पिन उलटी असेल तर?"

मला समजलं नाही. त्याने बाकावर बोटाने काढून दाखवलं. लहानात दोन नंबरची पिन ऐकते, तीन नंबरची बोलते. मोठ्यात उलट असेल तर आपण उलट्याचं उलट केलं. दोन्ही बोलणारे एकमेकांना लागले, दोन्ही ऐकणारे एकमेकांना. मग कोण कोणाला काय सांगणार?

मी हसले. तोही. दवाखान्याच्या बाकावर, चहा हातात.

६ नोव्हें.

स्नेहा घरी. अशक्त आहे. खिचडी खाल्ली.

८ नोव्हें.

प्र.ने डाग सोडवून दोन्ही तारा सरळ लावल्या. उद्या रविवार, सकाळची लाइट आहे. मशीन गार असतानाच करू म्हणतो.

९ नोव्हें., रवि.

झालं.

उजाडताच दवाखाना उघडला. स्नेहा हट्टाने आली, नवा स्वेटर, कानाला मफलर. तिला खुर्चीत बसवलं. जुनी मशीन चालू केली, खरवडली, थांबली, लागली. नव्यावर मी कमांड टाकली. आणि पडद्यावर जुन्या मशीनची आतली सगळी नावं उतरली. गावांच्या नावाने सरांनी फाइली केल्या होत्या. नवेगाव, बोदलकसा, दरेकसा आणि बाकीची. प्र.ने माझ्या खांद्यावर हात ठेवला. काढून घेतला.

एकेक गाव नव्यात जाऊन राहिलं होतं. हळू, फार हळू. प्र. जुन्या मशीनला वर्तमानपत्राने वारा घालत होता. मध्येच लाइट गेली. आली तेव्हा जुनी सुरू होईना. ती गार होईपर्यंत थांबलो, मफलर पांघरून स्नेहा टेबलावर डोकं टेकून झोपली. मग पुन्हा लागली.

नवेगाव सगळं आलं. बोदलकसा आलं, बाकीची गावंही. शेवटचं दरेकसा अर्ध्यावर अडकलं, खरवडलं, नाही आलं. तीनदा केलं. चौथ्यांदा मशीनच लागली नाही. दुपारीही नाही, गार होऊनही नाही. संपली.

दरेकशाची माणसं गेली. म्हणजे माणसं आहेत तिथेच, डोंगरात. पुन्हा जावं लागेल त्यांच्याकडे सुई घेऊन. शिबिराला सरांबरोबर मीच गेले होते, स्टेशनपासून चालत. बायांनी सुईसाठी आधी मला हात दिला, मग सरांना. आता काय तोंड दाखवू त्यांना.

नव्या मशीनवर नवेगावची फाइल उघडून पाहत होते. स्नेहा उठून मागे उभी राहिली होती, मला कळलं नाही. तिला तिचं नाव दिसलं, पुढे दोन इंग्रजी अक्षरं, पूर्णची. ती तिला माहीत आहेत. वरच्या ओळीतही तीच दोन अक्षरं होती. म्हणाली, हा कोण, आता कुठे असतो?

मी म्हटलं, तो नाही आता.

"बरं," म्हणाली. थोडा वेळ पाहून बाबाकडे गेली, भूक लागली म्हणाली.

वैशालीचं नाव मी आज शोधलं नाही. उद्या.

१० नोव्हें.

पाहिलं. अर्धी.

सगळं काम याच्यासाठी केलं आणि आता वाटतं, तेवढंच पान खराब निघालं असतं तरी चाललं असतं. छापून ठेवलं. पुण्याला डॉ. सरांच्या मुलीला फोन केला. पक्षाघातापासून सरांना बोलता येत नाही. तिने फोन त्यांच्या कानाला लावला. मी गावांची नावं सांगितली, आलेली. दरेकशाचंही सांगितलं. पलीकडून घशातला आवाज आला, दोनदा. मुलगी म्हणाली, ऐकलं त्यांनी. काय म्हणाले असतील, कोण जाणे.

१३ नोव्हें.

शकुनबाईला निरोप दिला होता. वैशालीच आली, एकटी, धान कापणीवरून, हाताला चिरा पडलेल्या. तिला घरीच बोलावलं होतं, दवाखान्यात कान फार. बसवून सांगितलं. दोघं अर्धे. चारात एक, प्रत्येक वेळी. तीन वेळा काही होणार नाही असंही होऊ शकते, पहिल्याच वेळी होईल असंही. गर्भ असताना तपासता येते, पण त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागते. लग्न करू नका असं मी म्हणत नाही, करा असंही नाही. हे मी कितीतरी जणांना सांगितलं आहे. तोंडपाठ आहे.

ती ऐकत होती. मग तिने विचारलं, जे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

"कुंदाताई, तुमाले आधी मालूम असतं, त तुमी लगन केलं असतं का?"

आतल्या खोलीत स्नेहा होती. पलंग करकरला ते मला ऐकू आलं.

हो म्हटलं असतं तर तिला या लग्नाकडे ढकलल्यासारखं. नाही म्हटलं असतं तर आत पोरगी ऐकत होती. वैशाली माझ्याकडे पाहत राहिली, मग पदराने हात पुसून उठली. म्हणाली, "राहू द्या. मी कायले विचारलं."

१४ नोव्हें.

जेवताना स्नेहाने ताट अर्ध्यावर सारलं. प्र.ने विचारलं, दुखतं का. नाही म्हणाली.

नंतर त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत बसला. म्हटलं, तुम्ही काय सांगितलं असतं? म्हणाला, "मलेही नाही सांगता येणार." आणि मग, "पण तेव्हा मी तुझ्याशी बोलायला पायजे होतं." बस एवढंच. मी भांडी घासायला उठले.

१८ नोव्हें.

वैशालीचा निरोप शकुनबाईकडून. नितेशला सांगितलं तिने. घरचे म्हणतात, मोडा. या दोघांचं अजून ठरलं नाही. रविवारी तो येतो आहे, आणि दोघांना आमच्याकडे यायचं आहे. मी म्हटलं, या, पुन्हा समजावून सांगते.

शकुनबाई अवघडली. म्हणाली, "तुमच्याशी नाई बाई. तुमच्या पोरीशी बोलाचं म्हणतात."

मला राग आला. पोरीला काय दाखवायला ठेवलं आहे का. नको म्हणून सांगणार होते. मग वाटलं, विचारावं तरी.

स्नेहा वहीत चित्र काढत होती. सांगितलं. ती मान न वर करता म्हणाली, "येऊ दे. पण तू तिथे बसू नको. बाबाही नको."

"काऊन?"

"तुम्ही दोघं माझ्याकडे पाहत राहता."

२३ नोव्हें., रवि.

ते आले. नितेश उंच, लाजरा, शर्टाला राइस मिलचा भुसा. वैशालीने स्नेहासाठी बोरं आणली होती. स्नेहाने त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

प्र. आणि मी ओट्यावर. रस्त्यावरून धानाच्या गाड्या जाऊन राहिल्या होत्या. आतलं ऐकू येत नव्हतं, नुसता आवाज. बहुतेक स्नेहाचाच. एकदा नितेश हसला. मग खूप वेळ काहीच नाही. मी उठायला लागले, प्र.ने हाताला धरून बसवलं. हात सोडला नाही, आणि मीही तसाच राहू दिला.

बाहेर आले तेव्हा वैशालीचे डोळे लाल. नितेश चप्पल घालताना म्हणाला, "येतो काका." बाकी काही नाही. सायकलवर दोघं नाही गेले. तो सायकल ढकलत, ती बाजूने चालत.

स्नेहाला विचारलं, काय बोलली. बोरं खात होती.

"त्यांनी विचारलं, दुखतं तेव्हा कसं वाटतं. सांगितलं."

"आणि?"

"आणि दुखत नाही तेव्हा काय करते, तेही सांगितलं. ते त्यांनी विचारलं नव्हतं."

३० नोव्हें., रवि.

धान बहुतेकांचं घरी आलं. साक्षगंधाचं अजून कोणी काही बोललं नाही. बाजारात शकुनबाई दिसली, दुरून हात केला, थांबली नाही. वैशाली मजुरीला जाते आहे म्हणे, रोज. नितेश एकदा येऊन गेला असं ऐकलं, कशासाठी ते माहीत नाही.

बिसेनबाबूंकडे दरेकशाच्या शिबिराची परवानगी मागितली. पाहू म्हणाले. प्र. म्हणतो, मी येतो सोबत, सामान उचलायला. स्नेहाही म्हणते मी येते. एवढं चालणं तिला जमेल का, तिथे थंडी केवढी. अजून हो म्हटलं नाही.